कर्ज कोणाचं, रस्ता कोणाचा

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा आढावा या स्मरणिकेत इतरांनी घेतला आहेच. मी त्याच्याही खूप आधीची, मुंबईची एक हकीकत सांगतो. तीही रस्ते, गटारं आणि पैशांचीच आहे. सारी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे कर्ज काढलं कोणी आणि फेडलं कोणी, हे आधी बघायची मला खोड आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक शहर सोडून पळाले. कोंदट वस्त्या फोडून हवा-उजेड आणायचा, असं सरकारने ठरवलं. पण काम म्युनिसिपालिटीकडे न देता १८९८ च्या कायद्याने स्वतंत्र संस्था काढली, बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट.

पैशांची व्यवस्था मात्र हुशारीची होती. सरकारने आणि म्युनिसिपालिटीने मोकळ्या जमिनी ट्रस्टकडे दिल्या. ट्रस्टने कर्जरोखे काढले, जुनी घरं संपादन करून पाडली, रस्ते-गटारं केली आणि तयार प्लॉट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. रस्ता झाला की शेजारच्या जमिनीचा भाव चढतो. ती वाढ रस्ता करणाऱ्याच्याच पदरात पडावी, हा त्यातला हिशेब. तरी भाड्यातून सगळं भागणार नव्हतं, म्हणून म्युनिसिपालिटीने दरवर्षी करातून रक्कम द्यायची. म्हणजे कर नागरिकांचा, आणि विश्वस्त मंडळात त्यांनी निवडलेले मात्र अल्पमतात. आमच्या बँकेत असा जामीनदार कोणी झाला नसता!

प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड (आताचा सरदार वल्लभभाई पटेल रस्ता), दादर-माटुंग्याच्या रुंद गल्ल्या, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्यांचीच कामं. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांचा आग्रह असे की इमारतीसमोर तिच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा हवी. आपल्या ए आणि बी विंगमधलं अंतर पाहून मला ऑरसाहेब नेहमी आठवतात. गावदेवीला ट्रस्टच्याच जमिनीवर १९१५ च्या सुमारास सारस्वत सहकारी गृहनिर्माण सोसायटी उभी राहिली; आपल्यासारख्या सगळ्या सोसायट्यांची ती थोरली बहीण.

पण दुसरी बाजू आहे. नागपाड्यापासून पाडापाडी सुरू झाली, आणि सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्या नव्या बांधलेल्यांपेक्षा जास्त होत्या. घरमालकाला भरपाई मिळाली. भाडेकरू बोचकं उचलून शेजारच्या गल्लीत गेला, तिथली गर्दी वाढली. पुढे ट्रस्टने चाळी बांधल्या, त्याच बी.आय.टी. चाळी. परळच्या एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षं राहिले. १९३३ मध्ये ट्रस्ट म्युनिसिपालिटीत विलीन झाला.

हे आज लिहायचं कारण असं की येत्या सर्वसाधारण सभेत आपल्या पावसाळी गटाराच्या खर्चाचा विषय आहे. पाणी शिरतं तळमजल्यावर, त्यामुळे वरच्या मजल्यावरची काही मंडळी वर्गणीला कुरकुर करतात. त्यांनी येता-जाता वापरायचा रस्ता तोच आहे, एवढंच मी म्हणेन. तळमजल्यावर चार बिऱ्हाडं भाड्याची आहेत. त्यांना मत देता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण निदान त्या विषयापुरतं त्यांना सभेत बोलावून ऐकून घ्यावं. चिटणीसांना मी तसं पत्र दिलं आहे.