घरपट्टी, हरकत आणि १८७१ची मुंबई

घरपट्टीची नोटीस आली तेव्हा पप्पा म्हणाले, "कशाला त्या लफड्यात पडायचं? भरून टाकू."

सिडकोतल्या आमच्या घरावर गेल्या वर्षी दोन खोल्या चढल्या. मोजणीला आलेल्या माणसाला पप्पांनीच कौतुकानं सांगितलं होतं, वरचा मजला भाड्यानं देणार म्हणून. दिला कुणालाच नाही. तिथं मी लॅपटॉप घेऊन बसतो. पण नोटिशीत तो भाड्याचाच लागला. चूक आमचीच होती, आणि ती सांगायची मुदत नोटिशीवर छापलेली होती.

मी सॉफ्टवेअरवाला. आकडा पटला नाही की आधी तो कसा काढला ते बघतो. सूत्र सोपं निघालं. घर वर्षाला जेवढ्या वाजवी भाड्यानं जाईल असं धरता येतं, त्या रकमेतून दुरुस्ती वगैरे सगळ्यापोटी १० टक्के वजा करायचे. उरतं ते करयोग्य मूल्य, त्यावर कर. हे महानगरपालिकांच्या १९४९च्या कायद्यात आहे. तेच १० टक्के मुंबईच्या १८८८च्या कायद्यातही आहेत. मग मागं मागं वाचत गेलो.

१८६५मध्ये मुंबईचा कारभार आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती आला. शहराच्या खर्चावर लक्ष ठेवायला 'जस्टिस ऑफ द पीस' होते, पण तेही सरकारनं नेमलेले. क्रॉफर्डनं कामं धडाक्यात केली. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, त्याच काळातली. पण पैसा बेसुमार गेला. त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाची तेजी ओसरली होती, शेअरबाजार कोसळला होता. १८७१मध्ये करदाते चिडून उठले.

तेव्हा २६ वर्षांचे बॅरिस्टर फिरोजशहा मेहता यांनी वेगळाच मुद्दा मांडला. क्रॉफर्डला घालवून भागणार नाही. कर देणाऱ्यांनी निवडलेले लोक कारभारात हवेत. १८७२च्या कायद्यानं ६४ सदस्यांचं कॉर्पोरेशन आलं. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे होते.

अर्थात हे करदाते म्हणजे पैसेवाले, घरमालक. चाळीतल्या भाडेकरूला कुणी विचारलं नाही. आपलं शहर तर तेव्हा निजामाच्या राज्यात. इथं महानगरपालिका आली १९८२मध्ये. पण 'तुमचा आकडा चुकलाय' असं म्हणायची कायदेशीर जागा आज पप्पांनाही आहे.

तुमच्याकडे नोटीस आली तर एवढं करा. क्षेत्रफळ, वापर आणि बांधकामाचं वर्ष तपासा. 'कर जास्त आहे' एवढंच लिहू नका. नेमकं काय चुकलं ते लिहा, सोबत नकाशा, वीजबिल जोडा. हरकत मुदतीत द्या आणि पोच घ्या. सुनावणीला स्वतः जा. निकाल पटला नाही तर १५ दिवसांत न्यायाधीशांकडे अपील करता येतं, पण वादातली रक्कम आधी भरावी लागते. म्हणून सुनावणीतच नीट बोललेलं बरं.

पप्पांनी अर्ज दोनदा वाचला. "आपणच बोललो होतो हे लिहायलाच पाहिजे का?" म्हणाले.

"लिहू या. खरं तेच आहे."

त्यांनी सही केली. पोच आता घराच्या कागदांच्या फाइलीत आहे. सुनावणीला पप्पाच जाणार आहेत.