हिंगणघाटची बनी: वर्धा जिल्ह्यातील कापूस-वैविध्याच्या ऱ्हासाचा इतिहास

1862 मध्ये नागपूरपासून वेगळा होऊन वर्धा जिल्हा निर्माण झाला, त्या काळी हिंगणघाटची बाजारपेठ लांब धाग्याच्या देशी कापसासाठी प्रसिद्ध होती. या कापसाचे स्थानिक नाव ‘बनी’. अमेरिकन यादवी युद्धामुळे (1861-65) लँकेशायरला कापसाची टंचाई भासताच मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी ‘कॉटन कमिशनर’ हे पद निर्माण झाले, आणि त्यावरील अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांचे लक्ष प्रामुख्याने याच मालाकडे होते. धागा चांगला असूनही बनी टिकली नाही. तिचा ऱ्हास कसा झाला, हे पाहणे उद्बोधक ठरते.

मूळ कारण रुईच्या उताऱ्यात होते. बनीच्या कापसातून निघणारी रुई तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. उलट आखूड, जाड धाग्याची ‘जरी’ लवकर पिके व अधिक रुई देई. व्यापारी दोन्ही मिसळून विकत, त्यामुळे चांगल्या धाग्याची किंमत शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नसे. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचल्यानंतर वाफेचे जिनिंग कारखाने वाढले. घरचा रेचा होता तोवर सरकीही घरचीच असे. कारखान्यात अनेक गावांची सरकी एका ढिगात पडू लागली व तीच बियाणे म्हणून परत शेतात गेली. म्हणजे वाणाची शुद्धता प्रयोगशाळेआधी जिनच्या ढिगातच संपली होती.

कृषिखात्याने यावर जो उपाय केला तो बनीच्या पुनरुज्जीवनाचा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी क्लाउस्टन यांच्या काळात जरीच्या मिश्रणातूनच पांढऱ्या फुलाचा ‘रोझियम’ वेगळा काढून पसरविण्यात आला. त्याचा उतारा सुमारे 40 टक्के होता. तत्कालीन बाजारभाव पाहता हा निर्णय शेतकऱ्याच्या हिताचाच होता. परंतु त्यामुळे अनेक झाडांच्या मिश्र समूहाची जागा एका निवडीने घेतली.

पुढचा टप्पा अधिक निर्णायक ठरला. 1970 मध्ये सुरत येथे सी. टी. पटेल यांनी ‘एच-4’ हा पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. साहजिकच झाडे निवडून सरकी राखण्याची रीत मागे पडली. 2002 मध्ये बीटी संकरित वाणांना मान्यता मिळाली आणि विदर्भात बहुतांश क्षेत्र त्यांनी व्यापले. दुकानात वाणांची नावे शेकडो असली, तरी बहुतेक पाकिटांत प्रामुख्याने तीच मोजकी जनुके होती. नावांची ही गर्दी म्हणजे वैविध्य नव्हे. गुलाबी बोंडअळीने हीच जनुके निष्प्रभ केली, तेव्हा 2017 च्या हंगामात विदर्भातील फार मोठे क्षेत्र एकाच वेळी बाधित झाले.

देशी कापसाची गुणसूत्रे 26, अमेरिकन कापसाची 52. त्यामुळे देशी वाणाचे कोरडवाहूपण व रोगप्रतिकारशक्ती साध्या संकराने अमेरिकन वाणात आणणे कठीण जाते. 1976 मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत कापसाचे हजारो नमुने जतन केलेले आहेत. तेथील बियाणे ठराविक काळाने पेरून ताजे करावे लागते. मात्र वर्ध्याच्या काळ्या जमिनीत दरवर्षी बदलत जाणाऱ्या किडी-रोगांशी त्याचा सामना होत नाही.