क्रीडासमारंभांतील मनोरंजन व मानवंदना : एक औचित्यविचार

मोठ्या क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने होणारे गायन-नर्तन आणि वीरांना वा दिवंगतांना दिली जाणारी मानवंदना यांची अभिरुची कोणत्या निकषावर तपासावी, हा प्रश्न दूरचित्रवाणीने निर्माण केला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो तिच्याहून जुना आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याच्या ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथाचा आशय असा, की अलंकाराची शोभा त्याच्या मोलावर नव्हे, तर स्थानावर अवलंबून असते. सोन्याचा कमरपट्टाही गळ्यात बांधल्यास हास्यास्पद ठरतो. हाच निकष कृष्णा-पंचगंगेकाठच्या कुस्तीपरंपरेस आणि नंतरच्या दूरचित्रित समारंभांस लावून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कुस्तीचे मैदान हे निव्वळ बलपरीक्षेचे स्थान कधीच नव्हते. आखाड्याचे पूजन, हलगी, घुमके व कैताळ यांचा ठेका, तुतारी, शाहिराचा पोवाडा, फेट्यांचे आहेर ही सारी मनोरंजनाचीच अंगे होत. तथापि त्यांचे स्थान ठरलेले असते. हलगीवाल्याची दृष्टी जोडीवर असते. झटापट वाढेल तसा ठेका चढतो. राजर्षी शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने १९१२ साली पूर्ण झालेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात आखाडा मध्यभागी असून भोवतीची बैठक चढत गेलेली आहे. कोठेही बसलेल्याची नजर मल्लांवरच पडावी, अशी ही योजना आहे. वृद्ध मल्लाचा सत्कार होतो तोही याच मातीत, त्याची कुस्ती पाहिलेल्या वा ऐकलेल्या लोकांसमक्ष.

या संदर्भात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे कै. खाशाबा जाधव यांचे उदाहरण उद्बोधक आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर बैलगाड्यांच्या लांबलचक ताफ्यासह त्यांची मिरवणूक निघाली. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. पुढे खाशाबांनी कुस्त्या करून ते ऋण फेडले, असे त्यांच्या चरित्रकथनांत सांगितले जाते. मिरवणूक हा आनंदोत्सव होता आणि तो उचितच होता. परंतु खरी मानवंदना या देवघेवीत होती. तीत प्रत्येकाने स्वतःचे काही वेचले.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांबरोबर भारतात रंगीत दूरचित्रवाणीचा प्रसार झाला. पंडित रविशंकरांनी स्वागतसंगीत रचले. ज्योतयात्रेत खाशाबांनाही स्थान मिळाले. येथे प्रेक्षकाची बैठक बदलली. आखाड्याभोवतीचा प्रेक्षक आपली नजर स्वतः वळवीत असे. आता ती कॅमेरा वळवू लागला आणि समारंभ ही खेळापासून स्वतंत्र अशी कलाकृती बनली. अशा कलाकृतीत सन्मानित व्यक्ती सजावटीचा भाग होण्याचा धोका असतो. खाशाबा १९८४ साली अपघातात निधन पावले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला, तर दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागारास त्यांचे नाव २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी देण्यात आले.

इंडियन प्रीमियर लीगच्या २००८ मधील पहिल्या हंगामात चिअरलीडर्सच्या नृत्यावर महाराष्ट्रात आक्षेप घेतले गेले. त्यांचा रोख मुख्यतः पोषाखावर होता. स्थानाचा प्रश्न बाजूस राहिला. हलगी झुंजीबरोबर चालते, हे नृत्य मात्र चौकार गेल्यावर उरलेला अवकाश भरते. हा भेद पोषाखाहून मूलगामी आहे. पुलवामा येथील हल्ल्यानंतर २०१९ साली याच स्पर्धेचा उद्घाटन-समारंभ रद्द करून क्रिकेट नियामक मंडळाने सैन्यदले व केंद्रीय राखीव पोलीस दल यांना निधी दिला. उलटपक्षी ३ जून २०२५ रोजी अहमदाबादच्या अंतिम सामन्यापूर्वी सैन्यदलांना मानवंदना म्हणून शंकर महादेवन यांचे देशभक्तिपर गायन झाले. दुसरा प्रकार अनुचित म्हणता येणार नाही. पोवाड्याच्या प्रदेशात गाऊन केलेल्या गौरवास कोण नाकारील? परंतु गायन संपल्यावर गौरवितांच्या पदरी काय राहिले, हा प्रश्न तेथे उरतो. पहिल्या प्रसंगी तो उरत नाही.

तात्पर्य, अभिरुचीचा निर्णय भपक्याच्या प्रमाणावरून करणे अपुरे आहे. मनोरंजन खेळाच्या अधीन आहे काय, मानवंदनेचा त्या स्थळाशी व समुदायाशी संबंध आहे काय आणि ती देणाऱ्याने काही वेचले काय, हे पाहिले पाहिजे. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या; परंपरा अशी नवे रूप घेत असतानाच तिचे जुने संकेत नोंदविणे अगत्याचे आहे. विश्रामबागेत शिकणाऱ्या संशोधकास कुंडलसारखी मैदाने दूर नाहीत. तेथील हलगीवादक व शाहीर यांच्या मौखिक साक्षी हयातीतच संकलित झाल्या, तर या विषयास अनुमानाऐवजी पुराव्याचा आधार लाभेल.