ब्रिस्बेनचा मातीचा किल्ला : फोर्ट लिटन

ऑस्ट्रेलियात मध्ययुगीन किल्ला नाही. इंग्लंडात १०६६ नंतर नॉर्मन लोकांनी भराभर गढ्या उभारल्या, म्हणजे मातीचा उंचवटा, भोवती खंदक आणि वर लाकडी बुरूज. त्याच्या जवळपास जाणारे काही इथे बघायचे, तर ब्रिस्बेन नदीच्या मुखापाशी फोर्ट लिटनला जावे. हा मात्र तोफांच्या काळातला.

मला पहिल्यांदा तिथे नेले, तेव्हा मी नातवाला विचारले, "अरे, किल्ला कुठाय?" समोर नुसते हिरवे बांध! आपण कुलाब्याचा किल्ला बघितलेली माणसे. काळा दगड दिसल्याशिवाय किल्ला म्हणवत नाही. पण दिसू नये हीच इथली युक्ती. पाच कोनांचा किल्ला, बाहेर पाण्याने भरलेला खंदक, आत गवताळ बांधाआड तोफा. काही तोफा तर बार काढला की त्याच धक्क्याने खाली बसत. गोलंदाज आडोशालाच पुन्हा भरत. नदीत सुरुंग पेरण्याचीही सोय होती.

१८७७ मध्ये विल्यम जर्व्हॉइस आणि पीटर स्क्रॅचली या इंग्रज लष्करी इंजिनीयरांनी इथल्या वसाहतींच्या बंदोबस्ताची पाहणी केली; त्यातून १८८० च्या सुमारास हे काम सुरू झाले. माती का? गोळा दगडाला फोडतो, मातीत रुततो. हे आपल्याकडे भरतपूरने १८०५ मध्येच दाखवले. तिथल्या मातीच्या तटापुढे लॉर्ड लेकचे चार हल्ले फुकट गेले, आणि त्यात मुंबईची पलटणही होती.

आज फोर्ट लिटन राष्ट्रीय उद्यान आहे, म्हणून बांध टिकले. मातीच्या कामाचे दुखणे हेच की, माहीत नसलेल्याला ती नुसती टेकाडे वाटतात. दगड चोरीला गेला तर कळते. माती पावसाने, पायाखाली, झाडांच्या मुळांनी हळूहळू जाते आणि कोणी ओरडत नाही. आपल्या नवगावचे बघा ना. जहाज फुटून बुडालेल्या पूर्वजांना तिथे पुरले, असे आपण परंपरेने मानतो, आणि खूण काय, तर मातीचे उंचवटे. आता स्मारक आहे, म्हणून नवखाही तिथे थांबतो.

लिटनला जाल तर टोपी आणि पाणी बरोबर घ्या. उतार गवताचा आहे, पाऊस पडून गेला असेल तर काठी असू द्या.