झांझिबारच्या लवंगेवरचा बहिष्कार आणि बंदरावरची तपासणी

बदलापूरजवळच्या शिरगावात उन्हाळा आला की वर्षाच्या मसाल्याची तयारी सुरू होते. मिरची, धणे, हळद देशातलीच. लवंगेचे तसे नाही. केरळ आणि कन्याकुमारीकडे तिची थोडी लागवड आहे, पण भारताची गरज मुख्यत्वे मादागास्कर, टांझानिया, इंडोनेशिया अशा देशांतून भागते. या आयातीवर नियम कोणी करायचा, हा प्रश्न मुंबईत एकदा चांगलाच पेटला होता. हा धागा त्या प्रकरणाचा.

झांझिबार आणि पेंबा ही पूर्व आफ्रिकेजवळची बेटे. राज्य सुलतानाच्या नावाचे, सत्ता ब्रिटिशांची. लवंगेच्या बागा प्रामुख्याने अरब मालकांच्या, तोडणीचे श्रम बव्हंशी आफ्रिकी मजुरांचे. खरेदी, निर्यात आणि सावकारी मात्र कच्छ-गुजरातेतून गेलेल्या भारतीयांच्या हाती. बागायतदार कर्जात बुडालेले होते. १९३४ च्या कायद्यांनी त्यांच्या जमिनी भारतीयांकडे जाण्यावर निर्बंध आणले. भारत सरकारने के. पी. एस. मेनन यांना चौकशीसाठी पाठवले. त्यांचा अहवाल या कायद्यांच्या विरोधात गेला. तरीही १९३७ मध्ये लवंग खरेदीची मक्तेदारी ‘क्लोव्ह ग्रोअर्स असोसिएशन’कडे सोपवण्यात आली. भारतीय व्यापारी एका फटक्यात बाजूला पडले.

त्याच वर्षी जुलैत मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले होते. मग लवंग बंदरातच का अडवली नाही? कारण १९३५ च्या कायद्याने सागरी जकात केंद्राच्या अखत्यारीत ठेवली होती. प्रांताला बंदरावर एक पोतेही थांबवता येत नव्हते. काँग्रेसने म्हणून जनतेलाच आवाहन केले : झांझिबारची लवंग घेऊ नका. जकातीला जे करता येत नव्हते ते बाजाराने केले. डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, आणि भारत ही या लवंगेची मोठी गिऱ्हाइके होती. शिवाय झांझिबारच्या तिजोरीची मोठी भिस्त लवंगेवरच्या निर्यात करावर होती. त्यामुळे घाव वर्मी लागला. १९३८ मध्ये तडजोड झाली : निर्यात पुन्हा व्यापाऱ्यांकडे आली, मात्र मालाचा ठरावीक हिस्सा त्यांनी असोसिएशनकडून घ्यायचा.

हा प्रसंग राष्ट्रीय विजय म्हणून सांगितला जातो. ते अर्धेच खरे. कर्जबाजारी बागायतदाराची तक्रार खोटी नव्हती, आणि तोडणीच्या मजुराला या तडजोडीत कोणी विचारलेही नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात येते. हा सारा वाद लवंग कोणी विकत घ्यावी याचा होता. ती खाण्यास योग्य आहे का, याचा नव्हता. भेसळीविरुद्ध मुंबई प्रांताचा १९२५ चा कायदा होता. पण देशभर लागू होणारा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ मध्ये झाला आणि १ जून १९५५ पासून अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमाने भेसळयुक्त अन्नाची आयात निषिद्ध ठरवली, तर सहाव्याने जकात अधिकाऱ्यांना संशयित माल रोखून नमुना केंद्रीय अन्न प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार दिला. कर मोजणारा अधिकारी आता अन्नाच्या शुद्धतेचाही राखणदार झाला.

लवंगेच्या बाबतीत हे फार आवश्यक होते. तेल काढून घेतलेली लवंग पुन्हा वाळवली की वरवर तशीच दिसते. म्हणून नियमांचा भर तेलावर आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील मानकांनुसार अख्ख्या लवंगेत शुष्क आधारावर दर शंभर ग्रॅममागे किमान १७ मिलिलीटर बाष्पनशील तेल हवे, ओलावा १२ टक्क्यांहून अधिक नको. ‘खोकर’ लवंग दोन टक्क्यांपर्यंतच चालते. नीट न वाळल्याने आंबलेल्या, सुरकुतलेल्या लवंगेला व्यापाऱ्यांनी दिलेले हे नाव. मानकांनी ते जसेच्या तसे स्वीकारले आहे.

आता न्हावाशेव्याला उतरलेल्या मालाची कागदपत्रे जकातीबरोबर अन्नसुरक्षा प्राधिकरण आणि वनस्पती संगरोध विभागाकडेही जातात. तिथून सुटलेली लवंग वाण्याच्या बरणीत येते तेव्हा ती कोणत्या बेटावरची, हे कुठेही लिहिलेले नसते. गिऱ्हाईक एक लवंग उचलते, नखाने दाबते आणि तेल सुटते का ते पाहते.