कुष्ठरोगातील हालचालींची पुनःस्थापना आणि डॉ. नोशीर अंतिया : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

सातारा व सांगली परिसराच्या वैद्यकीय इतिहासात कुष्ठरोगाचा विचार प्रामुख्याने सेवाकार्य म्हणून होतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेले रुग्णालय व तेथीलच रिचर्डसन कुष्ठरुग्णालय यांचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. (१९४९ ते १९६० या काळात सांगली जिल्ह्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ होते, हे जुनी कागदपत्रे चाळताना ध्यानात ठेवावे लागते.) मात्र करुणेच्या या इतिहासात शस्त्रक्रियेचे ज्ञान झाकोळले जाते.

कुष्ठरोग हा मुख्यतः मज्जातंतूंचा रोग होय. कोपरापाशी त्वचेलगत जाणारा मज्जातंतू निकामी झाला की तळहाताचे लहान स्नायू लुळे पडतात व बोटे आत वळतात. खुरपे धरणे, उसाची मोळी बांधणे अवघड होते; कृष्णाकाठच्या शेतमजुराची मजुरीच जाते. परंतु पुढच्या हाताचे अनेक स्नायू शाबूत राहतात. १९४८ च्या सुमारास वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी अशा शाबूत स्नायूंचे कंडरे बोटांकडे वळवून त्यांना पुन्हा हालचाल दिली. शस्त्रक्रियेनंतर जुन्या स्नायूला नवे काम शिकवावे लागे.

महाराष्ट्रात हे कार्य पुण्याजवळील कोंढवा येथे डॉ. नोशीर अंतिया (१९२२-२००७) यांनी केले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभारला. कुष्ठरुग्णाला वेगळे न ठेवता सर्वसाधारण रुग्णालयातच उपचार मिळावेत, हा त्यांचा आग्रह होता. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे खरे वेगळेपण यापुढे आहे. मज्जातंतू मुळात का मरतो, हा प्रश्न घेऊन ते प्रयोगशाळेकडे वळले. त्यांनी स्थापन केलेल्या ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’मध्ये मज्जातंतूभोवतीच्या श्वान पेशी व त्यांत शिरणारे जंतू यांचा अभ्यास झाला.

कंडरा वळवून हालचाल येते, गेलेली संवेदना मात्र येत नाही. सरळ झालेल्या बोटाला चुलीचा चटका कळत नाही. त्यामुळे मज्जातंतू निकामी होण्यापूर्वीच रोग ओळखणे अधिक मोलाचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केल्यावर ते अधिक शक्य झाले. अंतिया यांनी मांडवा येथे गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडविले, तेही याच विचारातून. एका निष्णात शल्यविशारदाने शस्त्रक्रियेचीच गरज कमी करण्यासाठी झटावे, ही घटना वैद्यकाच्या इतिहासात विरळा आहे.

निराधार कुष्ठरुग्णास अटक करून आश्रमात डांबण्याची मुभा देणारा १८९८ चा केंद्रीय कायदा मात्र २०१६ मध्ये रद्द झाला. तेव्हा अंतियांच्या निधनास नऊ वर्षे लोटली होती.