तेरणेच्या काठाने तगरपर्यंत

डिसेंबरातल्या एका सकाळी माकणीच्या निम्न तेरणा धरणापासून आम्ही दहा जण चालायला लागलो. काही शिक्षक होते, काही अकरावी-बारावीचे विद्यार्थी. वाट दाखवायला नदीकाठच्याच एका गावचे निवृत्त गुरुजी होते. नदीच्या उगमाच्या दिशेने चालत तेर गाठायचे, तेथील प्राचीन अवशेष पाहायचे आणि मग बालाघाटाच्या रांगेवर चढून धाराशिवच्या लेण्यांपर्यंत जायचे, असा सात दिवसांचा बेत होता.

"एसटीने एका दिवसात होईल की!" एका विद्यार्थ्याने पहिल्याच मुक्कामावर पाय चोळत म्हटले. त्याचे खरेच होते. पण आम्हाला जे तपासायचे होते, ते चालल्याशिवाय तपासता येणार नव्हते.

दहा दिवसांची वाट

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे समुद्री व्यापाराचे वाटाड्या-पुस्तक लिहिले. त्यात म्हटले आहे, की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. तगरहून साधे कापड व मलमल गाड्यांनी भडोचला जात असे. हे तगर कोठले, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर, तर रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवले. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, असे मांडले.

आता आपणच पडताळा घेऊ. नकाशावर पट्टी ठेवली, तर भडोच ते पैठण सरळ अंतर सुमारे ३५० किलोमीटर भरते. त्याला वीस दिवस, म्हणजे दिवसाला साडेसतरा. पैठण ते तेर सुमारे १५० किलोमीटर आहे. त्याला दहा दिवस, म्हणजे दिवसाला पंधरा. दोन्ही आकडे जवळ आहेत. देवगिरी पैठणपासून जेमतेम ५० किलोमीटरवर आहे, तेथे दहा दिवस कशाला लागतील? जुन्नर तर उलट, पश्चिमेला. धारूरची दिशा जुळते, पण ते शंभराच्या थोडे पुढे, म्हणजे सहा-सात दिवसांवरच येते. अर्थात तेरही पैठणच्या नेमके पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. ग्रंथाची ही चूक मान्य करूनच निष्कर्ष काढावा लागतो.

पण दिवसाला पंधरा-सतरा ही चाल खरी वाटते का? वहीत आम्ही रोजची नोंद ठेवली. ओढे ओलांडत, ज्वारीच्या रानांना वळसे घालत, दुपारची विश्रांती धरून आमची मजल सतरा-अठरा किलोमीटर झाली. ताशी तीन किलोमीटरने सहा तास चालणारी बैलगाडीही तेवढीच जाईल. चौथ्या दिवशी दुपारी तेर दिसले, तेव्हा पाय चोळणारा विद्यार्थीच म्हणाला, "तो व्यापारी खोटं बोलत नव्हता!"

तरंगणारी वीट

तेरला १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केले. पुढेही उत्खनने झाली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून उभे राहिलेले संग्रहालय गावात आहे. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीची आठवण करून देते. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा ती मूर्ती त्यापूर्वीच भारतातून तेथे पोहोचलेली असणार.

गावातले त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे आहे. त्याची मागची बाजू अर्धगोल असून छत हत्तीच्या पाठीसारखे आहे. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तेरच्या जुन्या बांधकामांतील काही विटा पाण्यावर तरंगतात. मातीत तूस-भुसा मिसळून वीट भाजली, की भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. त्यामुळे विटेची घनता पाण्याहून कमी होते.

जमिनीची आठवण

हलकी वीट हातात धरल्यासारखा अंदाज घेत गुरुजी म्हणाले, "आमची माळवदं अशी असती तर!" क्षणभर कोणी बोलले नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ होती. सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा मातीचा जड थर झोपलेल्यांवर कोसळला. जमिनीचा हादरा तोच असला, तरी छताचे वजन दुप्पट असेल तर त्यावरचे बलही दुप्पट होते, कारण बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. तेरच्या कारागिरांनी भूकंपासाठी हलक्या विटा केल्या, असे म्हणायला पुरावा नाही. शिखराचा भार कमी करणे एवढाही हेतू असू शकतो. पण नियम दोन्हीकडे एकच आहे.

"काळ्या कातळाची जमीन हलत नाही, असं आम्ही वर्गात शिकवत होतो," गुरुजी म्हणाले. तेव्हा बहुतेकांची समजूत तशीच होती. १९९३ नंतर भूवैज्ञानिकांनी तेरणेच्या खोऱ्यातील जुने थर तपासले. जोराच्या हादऱ्यात खालची ओली वाळू वरच्या चिकणमातीला फोडून वर घुसते. ती तशीच राहून गेली, तर थरांना छेदणारी वाळूची शीर दिसते. छेदलेल्या आणि न छेदलेल्या थरांचे वय काढले, की हादऱ्याचा काळ ठरवता येतो. अशा अभ्यासांतून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांच्या सुमारास येथे मोठा भूकंप झाल्याच्या खुणा तेरच्या परिसरात नोंदल्या गेल्या. हा तगरच्या भरभराटीच्या जवळपासचाच काळ. माणसाच्या आठवणीतून तो भूकंप पुसला गेला, नदीकाठच्या मातीतून नाही. ती माती वाचायला मात्र आपल्याला १९९३ ची पहाट उजाडावी लागली.

सातव्या दिवशी बालाघाटाच्या कड्यातली धाराशिवची लेणी पाहून आम्ही परतलो. आपापल्या शाळेत एवढे करून पाहावे. एक वीट नुसत्या मातीची आणि एक भुसा मिसळून, अशा दोन विटा भाजून घ्याव्यात, त्या तोलाव्यात, पाण्यात सोडाव्यात. मग मुलांना आपल्या घराच्या छताचे वजन काढायला सांगावे. लांबी, रुंदी, जाडी आणि घनता, एवढेच गणित आहे. उत्तर येईल, ते मुलांनी घरी जाऊन सांगावे.